निरोगी माणसांच्या यादीतले माझे पाच मंगळवार

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा नमस्कार. (साष्टांग लिहिणार होतो, पण हल्ली गुडघे परवानगी देत नाहीत, आणि खोटं लिहून पत्राला सुरुवात करू नये असं वाटतं.) तुझी पाठ कशी आहे? वहिनींच्या डोळ्यांचं काय ठरलं? दुपारचे दोघं गच्चीत बसता की अजून तिथे जुन्या खुर्च्यांचा ढीगच आहे? इकडे सगळं ठीक. ही बरी आहे, दुकान बरं आहे, मीही बरा आहे. म्हणजे नेमका किती बरा आहे तेच सांगायला हा कागद घेतलाय. फोनवर सांगणार होतो. पण फोनवर तू "बरं, बरं" म्हणतोस आणि मी मुद्द्यापाशी पोचायच्या आत फोन ठेवून देतोस. पत्राचं तसं नाही. ते बाजूला टाकलं तरी टेबलावर पडून राहतं आणि येता-जाता दिसत राहतं. तेव्हा चष्मा पुसून घे आणि निवांत बैस.

तर झालं असं की, दीड-दोन महिन्यांपूर्वी एक पोरसवदा बाई मागच्या चाकाचं पंक्चर घेऊन दुकानात आली. अंगाने काडी, बोलणं इतकं हळू की ऐकायला हातातला पंप थांबवावा लागला. मी ट्यूब काढली, हवा भरली, घमेल्यात बुडवली. लोक अशा वेळी मोबाईलमध्ये बघतात किंवा "किती वेळ लागेल" असं विचारतात. ही वाकून पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "एकदा बुडवून बुडबुडा दिसला नाही, तर भोक नाही असं धरता का?" मी म्हटलं, "नाही. तीनदा बुडवतो. ट्यूब एकदा फसवते, दोनदा फसवते, तिन्ही वेळा नाही फसवत." तिने पिशवीतून वही काढून ते लिहून घेतलं. दादा, चाळीस वर्षं मी या घमेल्यापुढे बसतोय, पण माझं बोलणं कुणी लिहून घेतल्याचं आठवत नाही. (उधारीवाल्यांनीसुद्धा नाही.) मला वाटतं, पुढचं सगळं त्या वहीमुळे झालं.

ती निघाली इस्पितळातली. छातीच्या विभागात तिच्याकडे श्वास मोजायचं एक यंत्र आहे. आणि तिचं काम रोग्यांना मोजायचं नाही, यंत्रालाच मोजायचं. म्हणजे एकच माणूस पुन्हा पुन्हा मोजला तर यंत्र दर वेळी तेच उत्तर देतं का, ते बघायचं. माणूस तोच आणि उत्तर रोज नवं, असं झालं तर त्या यंत्राच्या शब्दावर कुणाला औषध देणार आणि कुणाचं बंद करणार? मला हे एकदम पटलं. त्यासाठी तिला उतारवयाची पण ठणठणीत माणसं हवी होती, सहा आठवडे दर मंगळवारी येणारी. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. विडी-सिगारेट? कधीच नाही. दमा? नाही. जिना चढताना थांबावं लागतं? मी म्हटलं, थांबतो, पण ते गुडघ्यांसाठी. झालं, माझं नाव निरोगी माणसांच्या यादीत गेलं. मी तिचं नाव मोजणीबाई ठेवलं. संध्याकाळपर्यंत आमच्या गल्लीत एकही माणूस असा उरला नाही ज्याला ठाऊक नव्हतं की, इस्पितळाने निरोगी माणूस म्हणून मला निवडलंय. शिंप्याने तर मला उभं करून छातीचं माप घेतलं, पुढे वाद नको म्हणून. ही फक्त म्हणाली, "निरोगी म्हणून घेतलंय ना, मग तिथे निरोग्यासारखं वागा. सगळ्यांना सायकलचं सांगत बसू नका."

ती खोली तुला दाखवायला हवी. तिसऱ्या मजल्यावर लांबलचक व्हरांडा, त्याच्या टोकाला दार. आत गेलं की बाहेरचा आवाज कापसात गुंडाळल्यासारखा दूर जातो. खिडकीला फिकट निळा पडदा, त्यातून येणारा उजेडही निळसर. मधोमध खुर्ची, समोर छोटा पडदा आणि त्यावर मासे. खरे नव्हेत, चित्रफितीतले. पिवळे, काळ्या पट्ट्यांचे, एक जाडा मासा सारखा काचेपाशी येऊन माझ्याकडे बघून परत जायचा. नाकाला चिमटा लावतात, तोंडात रबराची नळी देतात, ओठ घट्ट मिटायला सांगतात, आणि मग काही करायचं नाही. फुंकायचं नाही, ओढायचं नाही, दम धरायचा नाही. बसल्या बसल्या जसा श्वास चालतो तसा चालू द्यायचा. दादा, तू एकदा करून बघ, किती अवघड आहे ते. कुणी बघत नसताना आयुष्यभर बिनबोभाट चाललेली गोष्ट, "आता नेहमीसारखी करा" म्हटल्याबरोबर पाहुण्यांपुढच्या पोरासारखी आडमुठी होते.

मोजणीबाईंनी मला नीट समजावून सांगितलं. आपण हवा म्हणतो त्यात जास्त भाग नायट्रोजनचा. तो छातीत भरून असतो, श्वास सोडला तरी बराचसा आत उरतोच. नळीतून नुसता ऑक्सिजन द्यायला लागलं की दर श्वासागणिक आतला नायट्रोजन थोडा थोडा बाहेर येतो. "काका, साबणाची बाटली विसळता ना, तसं," त्या म्हणाल्या. "साधी बाटली असेल तर दोन-चार पाण्यांत फेस जातो. आत खाचाखोचा असतील तर फेस अडकून बसतो, जास्त वेळा विसळावी लागते." सुरुवातीला होता त्याचा चाळिसावा हिस्सा उरेपर्यंत यंत्र मोजत राहतं, आणि छाती किती वेळा भरेल इतक्या हवेने ती विसळून निघाली, तो आकडा सांगतं. निरोगी माणसाचा सात, साडेसात. बस्स, एवढंच. टोचणं नाही, दुखणं नाही.

आता खरं सांगतो, मला ती खोली फार आवडायला लागली. यंत्रातली झडप टिक् करून उघडायची, टिक् करून मिटायची, मासे फिरायचे, आणि दहा-बारा श्वासांनंतर मला वाटायचं की मीच पाण्याखाली बसलोय. छातीतली शिळी हवा निघून चाललीय. कधीची असेल ती? मोजणीबाई म्हणतात, काही मिनिटांपूर्वीची, त्यापेक्षा जुनी हवा कुणाच्या छातीत राहत नाही. राहत नसेल. पण तिथे बसलं की मला वेगळंच वाटायचं. हा श्वास सकाळच्या चहाचा. हा दुकानाची फळी उघडताना घेतलेला. हा मुलीला सासरी पाठवताना आत ओढून धरलेला, जो नीट सोडायचा राहूनच गेला. आणि मग सगळ्यात खालचे, तळाशी बसलेले, बाबांच्या दुकानाच्या मागच्या खोलीतले. सोल्युशनचा गोडसर वास असलेले. तू कानशीने ट्यूब घासतोयस, मी टायरच्या आत पांढरी पूड मारतोय, दाराच्या फटीतून उन्हाची एक तिरीप येते आणि तिच्यात ती पूड इतकी सावकाश खाली उतरते की मी काम सोडून बघत बसतो आणि तू मला टपली मारतोस. तर असा एक एक श्वास निघून जाई आणि मी हलका हलका होत वर तरंगू लागे, तेवढ्यात मोजणीबाई हळूच म्हणत, "काका, झोपू नका."

कारण मी झोपलो होतो. पहिल्या मंगळवारी तीन वेळा मोजायचं होतं. पहिल्या वेळी त्या जाड्या माशाने जांभई दिली आणि मला हसू आलं. ती मोजणी बाद. दुसऱ्या वेळी मुलीची आठवण होऊन मोठा उसासा सुटला. उसासा चालत नाही. त्याने कोपऱ्यात अडकलेली हवा एकदम बाहेर येते आणि सगळा हिशेब विस्कटतो. तिसऱ्या वेळी डुलकी लागली आणि नळी ओठांतून सुटली. मग चहा घेऊन आणखी तीनदा. तेव्हा कुठे तीन आकडे मिळाले. तिन्ही वेळा साडेनऊच्या आसपास.

मोजणीबाईंच्या कपाळावर आठी पडली. निरोगी माणसाचा साडेनऊ कसा येईल? म्हणजे कुठेतरी गळती. बाहेरची हवा नळीच्या कडेने आत शिरली की तिच्यातला नायट्रोजनही शिरतो, मग विसळणं संपतच नाही आणि आकडा उगाच फुगतो. गळती म्हटल्यावर मी खुर्चीत सावरून बसलो. दादा, गळतीच्या बाबतीत त्या इमारतीत माझ्याइतका अनुभवी माणूस कोण होता?

पहिला संशय माझ्या मिशीवर आला. केसांमधून हवा जात असणार. दुसऱ्या मंगळवारी मी मिशीला तेल लावून, ती चापून बसवून गेलो. साडेनऊ. मग कवळी. ती काढली तर ओठ आत गेले आणि माझा चेहरा त्या जाड्या माशासारखा झाला (हे मोजणीबाई म्हणाल्या नाहीत, पण त्यांनी तोंड फिरवलं ते मी पाहिलं). आकडा आला नऊ पूर्णांक सात. कवळी परत बसवली.

तिसऱ्या मंगळवारचं मला लिहायला लाज वाटते, पण लपवून काय करू. माझी खात्री झाली होती की दोष नळीच्या जोडांमध्ये आहे. आपण व्हॉल्व्हच्या बुडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघतो ना? मी दुकानातून ब्रश आणि वाटीभर साबणाचं पाणी पिशवीत घालून नेलं. तीन मोजण्या झाल्या, पुन्हा साडेनऊच, आणि मोजणीबाई कागद आणायला बाहेर गेल्या. मी एक जोड बघितला, नीट होता. दुसरा बघितला, तोही नीट. तिसरा यंत्राच्या पोटाजवळ होता, तिथे नीट दिसेना म्हणून जरा सढळ हाताने लावलं. यंत्र चालूच होतं, ते मला कुठलं ठाऊक. त्याने माझं साबणाचं पाणी शांतपणे आत ओढून घेतलं. थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूच्या नळीतून फेस यायला लागला. सावकाश, गोल गोल, निळ्या उजेडात चमकणारा. एक बुडबुडा सुटून माशांच्या पडद्यासमोरून वर गेला. इतकं सुंदर दिसत होतं की मी ब्रश हातात धरून बघतच राहिलो. मागून मोजणीबाई आत आल्या आणि त्यांच्यामागून त्यांचे मोठे डॉक्टर.

मोठे डॉक्टर मला काही बोलले नाहीत. त्यांना बोलले. माझ्यासमोर, दार उघडं ठेवून. ज्यांना एक म्हातारा सांभाळता येत नाही त्यांनी यंत्राच्या भरवशाचं काय सांगायचं, आणि दोन आठवड्यांत आकडे जुळले नाहीत तर हे काम थांबवू, यंत्र अडगळीच्या खोलीत ठेवून देऊ. मोजणीबाई मान खाली घालून उभ्या होत्या. फेसाचं पाणी टेबलावरून त्यांच्या चपलेवर ठिबकत होतं आणि त्यांनी पाय हलवला नाही. मला बाबांचं रागावणं आठवलं, दादा. मी फोडायचो आणि बोलणी तू खायचास. मी म्हटलं, "डॉक्टर, चूक माझी आहे." ते म्हणाले, "ते दिसतंच आहे," आणि निघून गेले.

यंत्र दुरुस्त करणारा बाहेरगावाहून आला, त्याला चार दिवस लागले. चौथ्या मंगळवारी मी जाणार नव्हतो. कुठल्या तोंडाने जायचं? पण सकाळी मोजणीबाईच दुकानापाशी सायकल घेऊन उभ्या. म्हणाल्या, "काका, आज तुम्ही आला नाहीत तर माझे मंगळवार मोडतील." त्या दिवशी त्यांनी आधी स्वतःला मोजलं. सहा पूर्णांक आठ, तिन्ही वेळा. मग दाराशी बसणारा पहारेकरी आणला, तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आणि सारखा बडबडणारा. त्याचाही सात पूर्णांक चार, तिन्ही वेळा. मग मी बसलो. साडेनऊ. पहारेकरी म्हणाला, "यांची मिशी काढा." मोजणीबाई घाईने म्हणाल्या की नको, तसलं काही करू नका.

मी केलं. पाचव्या मंगळवारी सकाळी न्हाव्याकडे गेलो आणि लग्नाआधीपासूनची ती मिशी काढून आलो. न्हाव्याने तीनदा विचारलं. हिने दार उघडलं आणि "दुकान नऊला उघडतं" असं म्हणून परत लावून घेतलं. आरशात बघितलं तर बाबा दिसत होते, जरा चकित झालेले. तसाच गेलो. खुर्चीत बसलो, ओठ असे मिटले की मुंगी शिरली नसती. हसलो नाही, उसासा नाही, डुलकी नाही. त्या दिवशी मासेसुद्धा जपून फिरत होते. तीन वेळा मोजलं.

साडेनऊ. साडेनऊ. नऊ पूर्णांक सहा.

पाचही मंगळवारचे कागद मोजणीबाईंनी एकाशेजारी एक मांडले. मग स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या, आमचे गुडघे टेकतील इतक्या जवळ.

"काका, यंत्र भरवशाचं आहे," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "मग छानच झालं की."

"हो," त्या म्हणाल्या. "दर वेळी तेच सांगत होतं. मीच ऐकत नव्हते."

मला कळायला थोडा वेळ लागला. पडदा हलत होता. बाहेर कुणीतरी चाकाची गाडी ढकलत नेत होतं, तिच्या एका चाकात तेल नव्हतं. मग मला कळलं, आणि मला कळलंय हे त्यांनाही कळलं. त्यांचे डोळे भरले. त्यांचं काम वाचलं होतं, आणि ज्या आकड्याने वाचलं तो माझा होता. कसं हसावं आणि कसं रडावं हे त्यांना समजेना. मीच म्हटलं, "अहो, आधी जाऊन डॉक्टरांना सांगा तरी. नाहीतर पाच आठवडे आणि एक मिशी काय म्हणून वाया घालवली मी?"

पुढचं थोडक्यात सांगतो. जोरात फुंकायची साधी परीक्षा झाली, त्यात मी अजूनही उत्तम. मग छातीची बारीक चित्रं काढली. तळाशी काही अगदी बारीक नळ्या आकसल्यात, तिथली हवा अडकून राहते. साध्या परीक्षेत हे दिसायला आणखी काही वर्षं गेली असती, तोवर नळ्या पार मिटल्या असत्या. मोठे डॉक्टर स्वतः समजावून सांगायला आले (सगळं मोजणीबाईंना मध्ये विचारत, हे मी मुद्दाम लिहितो). म्हणाले, धूळ असेल, वास असेल, लहानपणचा एखादा ताप असेल, नक्की सांगता येत नाही. पण वेळेत सापडलं. रोज सकाळ-संध्याकाळ औषध ओढायचं, दुकानात तोंडाला फडकं बांधायचं, मागच्या भिंतीला खिडकी पाडायची. गवंडी परवाच येऊन गेला.

वाईट एकाच गोष्टीचं वाटलं. मोजणीबाईंनी माझं नाव निरोगी माणसांच्या यादीतून खोडलं. नियम आहे म्हणाल्या. माझ्या जागी तो बडबड्या पहारेकरी गेला आणि आता येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. मी दुसऱ्या यादीत आहे. तिथे मात्र मी पहिला.

बाकी क्षेम. वहिनींना नमस्कार. गच्चीतल्या खुर्च्या फेकून दे.

तुझा,
धाकटा

ता. क. हिने सांगायला सांगितलंय की मिशीशिवाय मी तिला आवडत नाही, आणि वहिनींनी यावर आपलं मत कळवावं.

ता. क. २. मोठ्या डॉक्टरांनी एक विचारलं होतं, ते वर लिहायचं राहिलं. राहिलं कसलं, चार पानं भरली पण हात तिकडे वळेना. बाबांच्या दुकानाचं मी सांगितल्यावर त्यांनी विचारलं, त्या मागच्या खोलीत तुमच्याबरोबर आणखी कोण काम करत होतं? मी म्हटलं, थोरला भाऊ. माझ्या आधी सहा वर्षं एकटा, मग माझ्याबरोबर बारा. घासायचं काम सगळं तोच करायचा, कारण मला शिंका यायच्या आणि तो म्हणायचा, तू सरक. दादा, तू फोनवर तोंड बाजूला करून खोकतोस. तुला वाटतं आम्हाला ऐकू येत नाही. येत्या मंगळवारी सकाळी साडेदहाला तुझं नाव मोजणीबाईंनी लिहून घेतलंय. काही करायचं नाही, नुसतं बसायचं. मासे बदललेत, आता कासव आहे.

ता. क. ३. ती खोली मला आवडते असं वर लिहिलंय, ते खरं आहे. पण पाचव्या मंगळवारी तिथून निघाल्यावर मी दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर अर्धा तास बसून होतो, आणि ते गुडघ्यांसाठी नव्हतं. तेव्हा वाटलं, तू शेजारी असतास तर बरं झालं असतं. तुझ्या वेळी मी शेजारी असेन.

ता. क. ४. तू "बघू" म्हणणार हे ठाऊक असल्यामुळे हे पत्र टाकायच्या आधीच मी वहिनींशी बोललोय. सोमवारच्या सकाळच्या गाडीची तिकिटं त्यांच्याकडे आहेत. पत्र तुझ्या हातात देऊन त्या कपडे बदलायला गेल्या असतील. आता मागे वळून बघ, बॅग भरलेली असेल.